पायरी, पाळणा आणि पडदा

आकाशवाणीनं मराठी घरांत जे शब्द रुजवले, त्यांत 'सुगम संगीत' हा एक. रागदारी ज्यांना कळत नाही त्यांनाही सहज आत शिरता यावं, असं गाणं ते सुगम. जिथं सुखानं जाता येतं ते सुगम, इतका साधा त्याचा अर्थ. पुढे ३ डिसेंबर २०१५ रोजी, जागतिक अपंग दिनी, केंद्र सरकारनं 'सुगम्य भारत' अभियान सुरू केलं, तेव्हा हाच शब्द सरकारी कपडे घालून पुन्हा आपल्या भेटीला आला. इमारती, वाहतूक आणि माहितीची साधनं अपंगांना वापरता यावीत, हा त्या अभियानाचा हेतू. गाण्यासाठी आणि इमारतीसाठी आपण हा शब्द वापरला. नाटकासाठी मात्र तो फारसा कुणी वापरत नाही. आज मला नाटकाबद्दल तोच प्रश्न विचारायचा आहे. नाटक सुगम आहे का? बघणाऱ्याला, करणाऱ्याला आणि मुख्य म्हणजे बसवणाऱ्याला?

मी नाटकवाली नाही, कविता लिहिते. पण वर्ध्यासारख्या गावात कवीला नाटकवाल्यांपासून दूर राहता येत नाही. कुणाला एखाद्या प्रवेशासाठी गाणं हवं असतं, कुणाला राज्य नाट्य स्पर्धेच्या संहितेची भाषा तपासून हवी असते. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षं तालमी बघत आले. त्या तालमींत दोन माणसं मला फार क्वचित दिसली. एक, कुबडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन आलेला माणूस. दुसरी, कडेवर तान्हं मूल असलेली बाई. नटांमध्ये एखाद वेळी तरी दिसली, दिग्दर्शकाच्या खुर्चीत कधीच नाही.

या दोघांचे प्रश्न आपण वेगवेगळ्या खणांत ठेवतो. पहिला अपंग कल्याणाचा, दुसरा घरगुती. माझ्या मते दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. तालमीची वेळ, जागा आणि रीत कुणाला डोळ्यांपुढे ठेवून ठरते, एवढाच तो प्रश्न आहे. आणि ज्या दिग्दर्शकांनी त्याला अडचण न समजता त्याच्यावरच आपलं काम उभं केलं, त्यांच्या हातून नवं काही घडलं. त्यांच्याविषयी आज बोलते.

कौतुकाची एक गोष्ट

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांची एक गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर आल्या, असं सांगतात. विठाबाई २००२ साली गेल्या, पण ही गोष्ट गेली नाही. सत्कारात, भाषणात, लेखात ती अभिमानानं सांगितली जाते.

विठाबाईंच्या धैर्यापुढे कुणीही मान लववील. पण गोष्ट ऐकून टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबावं असं मला नेहमी वाटतं. खेळाची सुपारी घेतलेली होती. ती फिरवली असती तर सगळ्या फडाची चूल थंड पडली असती. बाईसमोर दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून तिनं तो दगड उचलला. आपण मात्र त्या दगडालाच कलेवरच्या निष्ठेचं माप करून टाकलं.

शहरी नाटकात दगड राहिला नाही, माप तेच राहिलं. ताप असताना प्रयोग केला, घरात मयत असताना प्रयोग केला, मूल दवाखान्यात असताना तिसरी घंटा चुकू दिली नाही, अशा कथांवर आपली रंगभूमी वाढली. त्यातून एक अर्थ आपोआप निघतो. जो इतका त्याग करू शकत नाही, तो नाटकाबद्दल गंभीर नाही. एकटीनं मूल वाढवणारी बाई, ज्याला रोज व्यायामोपचार घ्यावे लागतात असा माणूस, ज्यांच्या घरी मतिमंद मूल आहे असे आईबाप, हे सगळे या हिशेबात आधीच बाद होतात. जयवंत दळवींनी अशाच एका मुलाच्या आईबापांवर 'नातीगोती' हे नाटक लिहिलं आणि लोकांनी ते डोळे पुसत बघितलं. पण तसे आईबाप संध्याकाळी तालमीला येऊ शकतील का, हा विचार नाटक संपल्यावर कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दिग्दर्शकाचं घड्याळ

नट आपल्या प्रवेशापुरता येऊ शकतो. दिग्दर्शकाला पहिल्या वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत रोज हजर राहावं लागतं. हौशी नाटकाची तालीम आपल्याकडे नोकरी-धंदा आटोपल्यावर, म्हणजे रात्री आठ ते साडेअकरा अशी चालते. लेकरांच्या जेवणाची आणि झोपेची वेळही हीच. पुरुष दिग्दर्शकाची मुलंही त्याच वेळी झोपतात, पण त्याला कुणी विचारत नाही की मुलांना कुणापाशी ठेवून आलात. बाईला पहिला प्रश्न हाच असतो, आणि बहुधा तो दुसरी बाईच विचारते.

व्यावसायिक नाटकात शनिवार-रविवारी प्रयोग, मधल्या दिवसांत दौरा. पैसे नाइटवर. प्रयोग केला तर नाइट मिळणार, नाही केला तर नाही. कायद्यातली पगारी बाळंतपणाची रजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूदही आली. पण नाइटवर काम करणाऱ्या नटीला किंवा एका नाटकापुरती रक्कम ठरवून घेणाऱ्या दिग्दर्शिकेला त्यातलं काय मिळणार? ती कुणाच्या हजेरीपटावरच नसते.

तरीही मराठीत थोर दिग्दर्शिका झाल्या. विजया मेहता यांनी १९६० साली 'रंगायन' सुरू केलं. त्यांचे पहिले पती हरीन खोटे लवकर गेले, तेव्हा पदरात दोन लहान मुलगे होते. पुढे दुसरं लग्न झालं, मुलगी झाली. आणि या सगळ्या काळात, व त्यानंतरही, त्या नाटकं बसवत राहिल्या. 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी', आणि आपल्या विदर्भातल्या वाड्याची कहाणी सांगणारं महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' ही त्यांच्या दिग्दर्शनातली नावं. बाईंवर लिहिताना त्यांच्या शैलीविषयी पानंच्या पानं लिहिली जातात. तीन मुलांची आई हे कसं जमवत होती, हा प्रश्न रंगभूमीच्या इतिहासात मोडतो असं मात्र कुणाला वाटत नाही.

सुलभा देशपांडे यांचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाई म्हणून त्या गाजल्या. १९७१ साली अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि त्या स्वतः, अशा मंडळींनी 'आविष्कार' ही संस्था काढली. १९७४ पासून त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली, आणि 'छबिलदास चळवळ' हे नाव इतिहासात गेलं. संस्थेची मुलांसाठीची शाखा म्हणजे 'चंद्रशाळा'. तिचं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य मुलांच्या किती तुकड्यांनी केलं, याची गणती नाही.

इथं काय घडलं ते नीट बघण्यासारखं आहे. मुलं, शाळा आणि नाटक या तीन गोष्टी एका बाईच्या आयुष्यात तीन दिशांना ओढत होत्या. सुलभाताईंनी त्या एका आवारात आणल्या. जिथं मुलं येतातच, तिथंच नाटक नेलं.

यात एक धोकाही आहे. बाई आली, आई झाली, म्हणजे तिनं बालनाट्य करावं, असं ठरवून टाकणं फार सोपं असतं. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' काढून रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, तेव्हा ते एक धाडस होतं. परीकथेलाही खऱ्या नेपथ्याचा, खऱ्या दिव्यांचा मान त्यांनी दिला. ती त्यांची आवड होती. पण आवड वेगळी आणि ढकलून दिलेला कोपरा वेगळा. आईला बालनाट्यही करता यावं आणि तिला हवी असेल तर शोकांतिकाही.

वेळेचा मानापमान

हे मी परक्याच्या अनुभवावरून बोलत नाही. मुशायरा आणि कविसंमेलन यांतही घड्याळाची एक जात असते. थोर कवी शेवटी वाचणार, नवखे आधी. माझी मुलगी दोन-अडीच वर्षांची असताना एका संमेलनात मी संयोजकांना म्हटलं की माझं वाचन पहिल्या तासात घ्या, मूल झोपेला आलंय. ते सज्जनपणे म्हणाले, "ताई, आधी वाचलंत तर लोक तुम्हाला नवोदित समजतील." मी साडेबारापर्यंत थांबले. मुलगी माझ्या ओढणीत झोपली. वाचायला उठले तेव्हा ती कुणाच्या मांडीवर द्यावी या विवंचनेत कवितेचं दुसरं कडवं विसरले. संयोजकांचा हेतू वाईट नव्हता. मान मिळवायचा तर मध्यरात्र गाठावी लागते, हा नियम त्यांनी केला नव्हता. त्यांना तो नियम आहे हेच दिसत नव्हतं.

पायरीचंही तसंच. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. नाटकाचं वेड त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. ज्या सभागृहात नाटकं होत त्याला दारापर्यंत चौदा पायऱ्या होत्या. अब्बा आणि मोठे भाईजान त्याला उचलून नेत. पायऱ्यांवर थांबलेले लोक वाट करून देत, पाठ थोपटत, "शाबास" म्हणत. सोळा वर्षांचा झाल्यावर त्यानं जाणं बंद केलं. अम्मीनं फार विचारलं तेव्हा म्हणाला, "मला नाटक बघायचं असतं. तिथं गेलो की लोक मलाच बघतात." नंतर तो रेडिओवरची नभोनाट्यं ऐकायचा. रेडिओला पायऱ्या नव्हत्या.

हाताच्या बोटांनी बसवलेलं नाटक

रेडिओचा विषय निघाला तर एक आठवण करून देते. नभोनाट्य ऐकताना आपण सगळेच न बघता नाटक अनुभवतो. दार उघडल्याचा आवाज, पावलं, बांगड्या, चहाच्या पेल्याची किणकिण, एवढ्यावर आपण सगळं घर उभं करतो. डोळ्यांशिवाय नाटक होऊ शकतं, हे आकाशवाणीच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

सई परांजपे यांची सुरुवातही आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर झाली. मुलांचे कार्यक्रम, मुलांची नाटकं असं करत त्या पुढे गेल्या, आणि १९८० साली त्यांचा 'स्पर्श' हा हिंदी चित्रपट आला. अंधशाळेच्या अंध मुख्याध्यापकाची ती गोष्ट. त्याला प्रेम हवं आहे, दया नको. दिल्लीतल्या खऱ्या अंधशाळेत, तिथल्या मुलांना घेऊन तो चित्रित झाला. सईंना त्यांची आई शकुंतला परांजपे यांनी एकटीनं वाढवलं होतं आणि सई स्वतः दोन मुलांच्या आई. मुलांसोबत काम करणारी नजर आणि अपंगांकडे बरोबरीनं बघणारी नजर एकाच माणसात येते, त्यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे समोरच्याचा वेग ओळखून आपला वेग ठरवावा लागतो.

रंगमंचावर हे काम फार जिद्दीनं केलं स्वागत थोरात यांनी. पुण्यातल्या अंधशाळांतले ८८ कलावंत घेऊन त्यांनी 'स्वातंत्र्याची यशोगाथा' उभं केलं. पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' त्यांनी ४४ अंध कलावंतांना घेऊन केलं. पुढे 'अपूर्व मेघदूत' आलं. आपल्या रामटेकशी ज्याचं नातं सांगितलं जातं ते कालिदासाचं काव्य म्हणजे आकाशातून दिसणाऱ्या मुलखाचं वर्णन. नद्या, डोंगर, नगरं, सगळं बघण्याचं काव्य. ते न बघणाऱ्यांनी सादर केलं. या नाटकांच्या निमित्तानं अंध मुलांशी जवळीक झाली, त्यांना वाचायला काही नाही हे जाणवलं, आणि १५ फेब्रुवारी २००८ रोजी थोरातांनी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं.

अंध नटांना घेऊन नाटक कसं बसतं, याची अनेकांना उत्सुकता असते. डोळस नटाला दिग्दर्शक म्हणतो, "इकडून ये, तिकडे जा." अंध नटापुढे 'इकडे-तिकडे' या शब्दांना अर्थ नाही. मग पावलं मोजावी लागतात. विंगेपासून खुर्चीपर्यंत सात, खुर्चीपासून खिडकीपर्यंत चार. रंगमंचाच्या कडेची सूचना पायाला मिळावी म्हणून तिथं चटई किंवा जाड दोरी अंथरता येते. सहनटाचा आवाज कुठून येतो त्यावर वळायचं ठरतं, म्हणून एकानं संवाद गाळला तर दुसऱ्याची दिशाच हरवते. जन्मांध नटानं रागावलेला चेहरा कधी बघितलेला नसतो. दिग्दर्शकाच्या कपाळावरून, ओठांवरून, आवळलेल्या मुठीवरून हात फिरवून तो राग शिकतो. यात वेळ जातो. एरवी महिन्यात बसणाऱ्या नाटकाला अनेक महिने द्यावे लागतात. पण एकदा बसलं की त्यातली जागा न् जागा नटांच्या अंगात भिनलेली असते.

प्रेक्षक अंध असेल तर? वॉशिंग्टनच्या 'अरीना स्टेज' या नाट्यगृहात १९८१ साली मार्गारेट फान्स्टील या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह एक सोय सुरू केली. त्या स्वतः अंध होत्या आणि अंधांसाठी वर्तमानपत्रं, पुस्तकं वाचून दाखवणारी रेडिओ सेवा चालवत. नाटकात दोन संवादांच्या मधल्या जागेत, कानातल्या यंत्रातून, रंगमंचावर काय घडतंय ते अंध प्रेक्षकाला हलक्या आवाजात सांगायचं. 'ती पत्र फाडते.' 'तो दाराकडे बघतो.' रेडिओवरच्या क्रिकेटच्या धावत्या समालोचनाचंच हे भावंड. आज जगभर ही पद्धत चालते.

खुणांची भाषा

बहिऱ्या माणसाचं दुखणं वेगळं. त्याला नटाचा घाम दिसतो, पण ओळ कळत नाही. इंग्लंडमध्ये १९८० साली नबील शाबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन या दोघांनी 'ग्राए' नावाची नाटक कंपनी काढली. शाबान जॉर्डनमध्ये जन्मलेला, चाकाच्या खुर्चीत बसणारा नट. ग्रीक पुराणात तीन बहिणी आहेत, तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात, तो त्या आळीपाळीनं वापरतात. त्या बहिणींचं हे नाव. अपंग कलावंतांनी एकमेकांचं उणं भरून काढायचं, हा अर्थ त्यात आलाच.

१९९७ साली या कंपनीची सूत्रं जेनी सीली यांच्याकडे आली. सात वर्षांच्या असताना त्यांना ऐकू येईनासं झालं. त्या बहिऱ्या आहेत, दिग्दर्शक आहेत, आणि एका मुलाची आई आहेत. खुणांच्या भाषेचा दुभाषा रंगमंचाच्या कोपऱ्यात उभा करण्याची रीत होती. प्रेक्षकानं नटाकडे बघावं की दुभाष्याकडे? सीलींच्या नाटकांत दुभाषा पात्र होऊन गोष्टीतच शिरला. संवादांची अक्षरं पडद्यावर उमटतात, तीही नेपथ्याचा भाग म्हणून. वर्णन सांगणारा आवाज एखाद्या पात्राचा असतो. सोय म्हणून आलेली गोष्ट नाटकाची शैली झाली. २०१२ साली लंडनच्या पॅरालिम्पिक स्पर्धेच्या उद्घाटनाचा सोहळा ब्रॅडली हेमिंग्ज यांच्या जोडीनं त्यांनी दिग्दर्शित केला, आणि तो सगळ्या जगानं बघितला.

त्याच देशात २०१५ साली नाटकातल्या आईबापांची एक मोहीम सुरू झाली, 'पेरेंट्स इन परफॉर्मिंग आर्ट्स' नावाची. तालमीचं वेळापत्रक आधी कळावं, तालमी दिवसा व्हाव्यात, एक काम दोघांना वाटून घेता यावं, अशा तिच्या मागण्या. पुढे तिच्या नावात आईबापांबरोबर 'केअरर्स' म्हणजे आजारी, अपंग माणसांची देखभाल करणारेही आले. मी सुरुवातीला म्हटलं की दोन प्रश्न एकच आहेत. तिथल्या लोकांनाही काम करता करता तेच उमगलं, असं दिसतं.

आपल्या मातीतली सुगमता

हे सगळं परदेशी आहे असं कुणी म्हणेल. मग चंद्रपूर-गडचिरोलीकडे चला. झाडीपट्टीचं नाटक दिवाळीनंतर सुरू होतं. गावात मंडप पडतो, रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, पोरंसोरं चादरी-घोंगड्या घेऊन जमिनीवर बसतात. मूल रडलं तर आई तिथंच त्याला पाजते. म्हातारा मधेच उठून बाहेर जाऊन येतो. कुणी वळून "शूः" करत नाही. नट आवाज चढवतो आणि नाटक पुढे जातं. विलायतेत आता स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी असे प्रयोग ठेवतात, ज्यात दिवे पूर्ण मालवत नाहीत, उठबस करायला, आवाज करायला मुभा असते. झाडीपट्टीत ही मुभा वेगळी मागावी लागत नाही. काळोखात चिडीचूप बसण्याची शिस्त आपण शहरी नाट्यगृहाबरोबर घेतली, आणि त्या शिस्तीत न बसणारी माणसं बाहेर राहिली.

वरोऱ्याचं आनंदवनही आपल्याला जवळचं. बाबा आमट्यांचा जन्म आपल्या हिंगणघाटचा. त्यांचे पुत्र डॉ. विकास आमटे यांनी या शतकाच्या सुरुवातीला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर, हातापायांनी अधू असे कलावंत त्यात गातात, वाजवतात, नाचतात. राज्यभर त्यांचे प्रयोग झाले. तिथं कलावंत आधी ठरतात, कार्यक्रम त्यांच्याकडे बघून बसतो.

आणि वर्धा? १९२८ साली जमनालाल बजाज यांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडलं. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतःच्या हातानं त्यांची शुश्रूषा केली. दारं कुणासाठी उघडी आहेत हा प्रश्न या जिल्ह्यानं फार आधी विचारला. सभागृहाच्या दाराशी तो पुन्हा विचारायला आपण लाजू नये.

कायदा आणि काथ्या

कायदा आता आपल्या बाजूनं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९व्या कलमात सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे, आणि कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना झेपतील असे नव्यानं आखावेत, असंही म्हटलं आहे. ४५व्या कलमानं जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ साली आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आता आपल्या गावातलं सभागृह आठवा. दारापर्यंत उतार असेलही. पण रंगमंचावर चढायला? रंगपटात जायला? प्रेक्षकाला आत घेण्याचा विचार थोडाफार झाला. अपंग माणूस नट किंवा दिग्दर्शक असेल, हे नकाशा काढणाऱ्याच्या मनातही आलेलं नसतं.

पैसा नाही, हे उत्तर नेहमी मिळतं. पण पुष्कळ गोष्टी पैशाशिवाय होतात. तालीम रात्रीऐवजी रविवारी सकाळी आणि दोन संध्याकाळी सहा ते आठ ठेवता येते. महिन्याचं वेळापत्रक पहिल्या दिवशी कागदावर देता येतं, म्हणजे आईला शेजारणीशी आणि अपंग नटाला रिक्षावाल्याशी आधी बोलून ठेवता येतं. दिग्दर्शन दोघींनी वाटून घेता येतं. एकीचं मूल आजारी पडलं तर दुसरी तालीम घेईल. तालमीला पहिल्या मजल्यावरच्या खोलीऐवजी शाळेचा तळमजला मागता येतो. शेजारच्या वर्गात सतरंजी टाकून मुलांना बसवता येतं, आणि त्यांच्याजवळ आळीपाळीनं बसायची पाळी नटांचीही असावी, नुसती नट्यांची नको. मूकबधिर विद्यालयातल्या शिक्षकांना बोलावून एक प्रयोग खुणांच्या भाषेत करता येतो. प्रयोगाआधी अर्धा तास अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन नेपथ्याला हात लावू देता येतो. खाट इथं, देवघर तिथं, हा रुखवताचा पेटारा. मग पडदा उघडल्यावर ते डोळसांच्या बरोबरीनं घर ओळखतात. रंगमंचाच्या कडेला लागणारी काथ्याची दोरी तर आपल्या बाजारात कुठंही मिळते.

यानं कला पातळ होते, अशी शंका जाणकार घेतात. मला ती पटत नाही, आणि कवी म्हणून तर मुळीच नाही. गझलेला काफिया-रदीफचं बंधन असतं. ओवीला जात्याचा फेरा असतो. ज्या बाईनं ओवी रचली तिच्या हाताला दळण होतं, मांडीवर मूल होतं, आणि ओळीची लांबी त्या फेऱ्यानंच ठरवली. त्या अडचणीतून मराठीतला फार मोठा काव्यसाठा जन्मला. सात पावलं मोजून चालणारा नट, खुणांनी बोलणारं पात्र, आठ वाजता संपणारी तालीम ही सगळी तशीच बंधनं आहेत. दिग्दर्शकानं ती मनापासून घेतली तर त्यांतूनच नाटकाचा घाट निघतो. वरवर घेतली तर कोपऱ्यात उभा केलेला दुभाषा उरतो.

म्हणून एवढंच सुचवते. तुमच्या गावात, शाळेत, मंडळात पुढचं नाटक ठरेल तेव्हा पहिल्या वाचनालाच तीन गोष्टी विचारा. या खोलीत यायला कोणाला जमणार नाही? या वेळेला यायला कोणाला जमणार नाही? आणि आलेल्याला जे कळणार नाही, ते कळावं म्हणून नाटकातच काय करता येईल? उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण संहिता वाचायच्या आधी हे प्रश्न आले, तर पात्रांची निवडही बदलेल, आणि कदाचित दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसणारं माणूसही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)